पद्माक्काची किडनी

कोल्हापूर, ३ नोव्हेंबर २०२५

पद्माक्का,

जय जिनेंद्र.

फोन वाजून वाजून बंद होतो. ऋषभला लावला तर तो म्हणतो, "आई देवळात गेलीया, मामी." सकाळी लावला तरी देवळात, संध्याकाळी लावला तरी देवळात. लेकाला खोटं बोलायला लावू नका. म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर निदान वाचून फाडा.

भाऊबीजेला मालानं मला दारातनं परत पाठवलं, असं तुम्ही सगळ्या पै-पाहुण्यांत सांगितलंय म्हणे. खरं आहे, पाठवलं. पण कसं पाठवलं ते सांगितलं नसेल. ऋषभच्या पार्श्वचं नाक वाहत होतं. पोर आहे, शाळेतनं घेऊन येणारच. पण तुम्ही स्वतः जिना चढताना खोकत होता, ते मी आतनं ऐकलं. मी मास्क घेऊन दारात आले तर तुम्ही म्हणालात, "मला मास्क? माझी किडनी हाय त्याच्या पोटात, आणि मला मास्क?"

मी म्हणाले, "तुमची हाय म्हणूनच, आक्का."

तुम्ही ओवाळणीचं ताट पायरीवर ठेवलंत आणि नातवाचा हात धरून खाली उतरलात. हे अंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा निरांजन अजून जळत होतं आणि तुमची रिक्षा वळली होती. समोरच्या तानाबाई दार उघडून सगळं बघत होत्या. त्यांना मी काय सांगणार?

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आपल्या दोघींना शेजारी बसवून समजावलं होतं. बहिणीची असली तरी शरीराला ती किडनी परकीच. शरीर तिला बाहेर काढायला बघणार. म्हणून जन्मभर त्या गोळ्या. गोळ्यांनी शरीराचं भांडण बंद होतं, पण मग साध्या सर्दीशीही ते भांडू शकत नाही. तुम्ही मान हलवली होती. मी तर ते शब्द पाठ करून ठेवलेत.

मी माफी मागत नाही. तुमच्या जागी माझी आई असती तरी तिलाही परत पाठवलं असतं. तुमचा राग मला कळतो, एवढंच.

खोकला बसला का? हळद-दुधावर भागवू नका, डॉक्टरला दाखवा. तुम्हीही एका किडनीवर आहात.

माला


कोल्हापूर, १७ नोव्हेंबर २०२५

पद्माक्का,

पत्र पोचलं असणार. ऋषभनं "मिळालं" एवढंच कळवलं.

आमच्या घरात आता बोलणं नाही. म्हणजे मी बोलते, हे ऐकत नाहीत. तुमचा दादू कसा माणूस आहे ते तुम्हाला मी काय सांगायचं. साखर कारखान्यात चिटबॉय होते, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या घेऊन बांधाबांधानं फिरायचे. ज्याच्या शेतात जातील त्याच्या घरी चहा. त्या माणसाला मी सहा वर्षं तीन खोल्यांत ठेवलंय. लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही, देवळात गर्दी नसेल तेव्हाच जायचं. कोण आलं तर खिडकीजवळ बसवायचं. कोरोनात आजूबाजूची धडधाकट माणसं गेली, हे राहिले. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची घेतलेली. मी भाजी आणली तरी कोपरापर्यंत हात धुते.

परवा जेवताना म्हणाले, "तू मला जिता ठेवलास मालू, व्हय. पर कुणासाठी गं?"

मी म्हणाले, "माझ्यासाठी."

तर म्हणाले, "तू तर मास्कातनंच बघतीस माझ्याकडं."

हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. लिहून गेले.

एक सुचवते. तुमच्या घरातला सगळ्यांचा खोकला बसू दे, मग कागलच्या शेतावर या. उघड्यावर वारा असतो, तिथं भीती कमी. बांधावर बसून भावाला ओवाळा. भाऊबीज होऊन गेली तरी काय झालं? मी डबा घेऊन येते. मी लांब बसते वाटल्यास, तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर.

शेतावर जायला मी ह्यांना कधी नाही म्हटलेलं नाही, हे त्यांनाच विचारा.

माला


कोल्हापूर, २९ नोव्हेंबर २०२५

पद्माक्का,

तुमचं उत्तर नाही. असू दे.

गेल्या शनिवारी हे कागलला शेतावर जाऊन आले. ऊस बघतो म्हणाले, सकाळी गेले ते दिवेलागणीच्या आधी आले. आले ते खुशीत. कितीतरी दिवसांनी माझ्याशी नीट बोलले. "काय केलंयस जेवायला?" असं विचारलं, आणि मग जेवलेच नाहीत, पोट भरलंय म्हणाले. वाटेकऱ्याच्या घरी जेवले असतील म्हणून मी चिडले, पण फार नाही. चपलांना माती नव्हती. मला ते दिसलं होतं. पण माणूस हसत घरी आलाय, त्याला काय विचारायचं, म्हणून गप्प बसले.

आता थोडी सर्दी झालीय. नाक वाहतंय, घसा धरलाय. काळजीचं काही नाही. ताप नाही. रात्री जरा खोकतात. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन थोडा कमी दाखवतंय, पण गार बोटाला ते तसं दाखवतं असं आमच्या लेकीनं, आदितीनं पुण्याहून सांगितलं. सोमवारी डॉक्टरांना दाखवणार आहे.

तुमचं नाव काढतात. काल म्हणाले, "आक्काचा आवाज ऐकला असता तर बरं वाटलं असतं." राग माझ्यावर धरा, त्यांच्यावर कशाला? एक फोन करा. मी फोन त्यांच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभी राहीन.

माला


कोल्हापूर, दवाखाना, ४ डिसेंबर २०२५

पद्माक्का,

काल तुम्ही फोनवर बोललात ते मी विसरणार नाही. आणि बोललात त्यापेक्षा जे विचारलं नाहीत ते जास्त टोचतंय.

सगळं सांगते. रविवारीच धाप लागली. इथं आणलं. छातीचा फोटो काढला, दोन्ही बाजूंना पांढरं. नाकातला स्वॅब घेतला. त्यात आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांची सर्दी असते ती, वहिनी. मुलं आठवड्यात खेळायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना जड जाते. आणि ह्यांच्यासारख्या गोळ्या चालू असलेल्यांच्या थेट छातीत उतरते." विचारलं, औषध काय? तर म्हणाले, ह्याच्यावर असं नेमकं औषध आमच्या हातात नाही. ऑक्सिजन द्यायचा, छाती सांभाळायची आणि अंगाला लढू द्यायचं.

आणि अंगाला लढू द्यायचं म्हणजे त्या गोळ्या कमी करायच्या. मग किडनी धोक्यात.

मी म्हणाले, "थांबा. ज्यांची आहे त्यांना विचारते."

डॉक्टर म्हणाले, "ती आता ह्यांचीच आहे."

त्यांचं बरोबर असेल. मला नाही पटलं. मी व्हरांड्यात येऊन ऋषभला फोन लावला. त्याला म्हणाले, आईला एवढंच विचार, गोळ्या कमी करू का. मग लांबून तुमचा आवाज आला. "किडनी गेली तर जाऊ दे. दादूला ठेव." आणि फोन बंद.

गोळ्या कमी केल्या, आक्का. तुम्ही हो म्हणालात म्हणून केल्या.

पण तुम्ही विचारलं नाहीत, कसा आहे म्हणून. कसं झालं, कधी झालं, काही नाही. आवाज बसलेला होता तुमचा. जणू तुम्हाला आधीच माहीत होतं. मी येऊन जा म्हणणार होते, आयसीयूच्या काचेतनं तरी बघायला. तुम्ही संधीच दिली नाहीत.

या. तुम्हाला आता कोणी अडवणार नाही.

माला


कोल्हापूर, ६ डिसेंबर २०२५

आक्का,

आज दुपारी घशात नळी घालून मशीनवर घेतलं. त्याआधी मला थोडा वेळ आत सोडलं होतं. तोंडावरचा मोठा मास्क बाजूला करून हे बोलले. सिस्टर ओरडत होत्या, बोलू नका म्हणून.

"मालू, एक सांगू? रागवायचं न्हाय. मी शेतावर गेलोच न्हवतो."

"मग कुठं गेलता?"

"आक्काकडं. एसटीनं. मास्क लावून गेलतो की. आक्कानं हुग्गी केली. गूळ लई घातलाता, पर मी दोन वाट्या खाल्ली. पार्श्व मांडीवर बसला. मला म्हनतो, आजोबा, तुम्ही आमच्याकडं का येत न्हाई?"

मी म्हणाले, "आणि मास्क?"

"जेवताना कसा लावू गं," म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकला आला तो थांबेना. मग मला बाहेर काढलं.

गव्हाच्या खिरीसाठी. आक्का, दोन वाट्या खिरीसाठी.

तुमच्या घरात सर्दी-खोकला आहे हे तुम्हाला माहीत होतं. मला एक फोन करायचा होतात. तेही जमत नव्हतं तर त्यांना दारातनं परत पाठवायचं होतं. मी तुम्हाला पाठवलं होतं ना? तुमच्याच भावासाठी पाठवलं होतं ना? तुम्हाला एवढं एक जमलं नाही.

तुम्ही दिलीत आणि तुम्हीच नेलीत. मला दुसरं काही लिहिता येत नाही.


कोल्हापूर, २८ डिसेंबर २०२५

पद्माक्का,

हे गेले त्याला दोन आठवडे झाले. नळी घातल्यानंतर परत बोललेच नाहीत. आदिती कानाशी बोलत राहायची. मी तळपाय चोळत बसायची.

तुम्ही आला नाहीत. पंचगंगेवर सगळे होते. कारखान्याची जुनी माणसं आली, कागलहून वाटेकरी आला, सहा वर्षांत ज्यांना मी घरात घेतलं नाही ते सगळे आले. ऋषभ एकटाच आला. हात जोडून उभा राहिला. सगळे विचारत होते, किडनी दिलेली बहीण कुठं आहे? मी म्हणाले, तब्येत बरी नाही. तुमच्यासाठी खोटं बोलले.

आता घरात माणसं येतात. दार उघडंच असतं. कोणी खोकतं, कोणी शिंकतं, पोरं हॉलमध्ये पळतात. तानाबाईंच्या सुनेला सर्दी होती, ती माझ्या गळ्यात पडून रडली. कुणालाच काही म्हणायचं उरलेलं नाही. पण भाजी आणली की अजून कोपरापर्यंत हात धुते. आदिती म्हणाली, "आई, आता कशाला?" नळ चालूच राहिला.

मागचं पत्र टाकल्याचं मला वाईट वाटतंय का, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर कळवीन.

माला


कोल्हापूर, १८ जानेवारी २०२६

पद्माक्का,

आज ऋषभ येऊन गेला. तुम्हाला न सांगता आला. त्याला रागवू नका. सोफ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"मामी, आई जेवत न्हाय. मागच्या खोलीत बसून असतीया. पार्श्वला जवळ येऊ देत न्हाय. खोकला अजून हाय, पर दवाखान्याला चल म्हटलं की म्हनती, मी माझ्या भावाला मारलं, मला कशाला औषध?"

मी त्याला जे विचारायला दीड महिना धजावले नव्हते ते विचारलं. त्या शनिवारी काय झालं?

त्यानं सांगितलं. हे तुमच्या दारात आले तेव्हा तुम्ही दार उघडलंच नव्हतं. आतनं ओरडलात, "दादू, जा परत. मला खोकला हाय, पोराला ताप होता. माला सांगती ते खरं हाय, जा बाबा." कडी घातली होती तुम्ही. हे म्हणाले, "न्हाय जात." आणि पायरीवर उन्हात बसले. रस्त्यानं जाणारी माणसं बघायला लागली. तुम्ही आत रडत होता, हे बाहेर बसून होते. ऋषभ तुम्हाला म्हणाला, आई, मामाला चक्कर येईल. तरी तुम्ही उघडलं नाहीत. मग ह्यांनी बाहेरनं हाक मारली, "आक्का, भूक लागलीया गं." तेव्हा तुम्ही कडी काढली. तोंडाला पदर बांधून वाढलंत, म्हणाला. पार्श्वला आत कोंडलं होतं, तो मागच्या दारानं पळत येऊन मांडीवर बसला.

आक्का, मी हे ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ऋषभ बाहेर मामी, मामी करत होता.

मी तुम्हाला काय लिहिलं होतं! आणि तुम्ही ते पत्र वाचून तसंच ठेवलंत. एका शब्दानं सांगितलं नाहीत की मी दार लावलं होतं. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसलात. तुम्ही पहिल्यापासून अशाच. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, कुणाच्या दबावाखाली देताय का, तर तुम्ही म्हणाला होतात, "मला दोन हायत, त्याला एक बी न्हाय. ह्यात विचारायचं काय?"

विषाणू कुठनं आला ते मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तपासणी विषाणूचं नाव सांगते, घर सांगत नाही." तुमच्याकडनं आला असेल. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, दिवस जुळतात. एसटीतनंही आला असेल. त्याच आठवड्यात तानाबाईंची सून फणफणली होती आणि तिच्या हातचं दही आमच्या घरात आलं होतं. मी आता शोधत नाही. शोधून मला तुमच्यावर राग धरायचा होता, आणि तो राग तुमच्यासाठी नव्हताच.

खरं सांगते. माझ्याशी ते शेवटचं जे बोलले, ते सगळं तुमच्याबद्दल होतं. तुमची हुग्गी, तुमचा नातू. मी सहा वर्षं त्यांचं ताट वेगळं उकळलं, गोळीची वेळ कधी चुकू दिली नाही, आणि शेवटी त्यांच्या तोंडात तुमचं नाव. मी आयसीयूच्या दारात उभी राहून वाट बघत होते की आता माझ्यासाठी काहीतरी म्हणतील. नाही म्हणाले. त्याचं दुखणं मी तुमच्यावर काढलं. एवढा आनंद त्यांना माझ्या घरात मी देऊ शकले नाही. तो घ्यायला त्यांना माझ्याशी खोटं बोलून जावं लागलं. हे मला आयुष्यभर पुरेल.

आणखी एक आहे. ही बातमी तुमची होती, मी रागानं दाबून ठेवली.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "फुप्फुसं गेली, वहिनी. हृदय थकलं. पण किडनी चालू आहे. गोळ्या इतक्या कमी करूनही चालू आहे, आम्हालाही नवल वाटतंय." पलंगाखाली पिशवी लावलेली होती. सिस्टर त्यातली लघवी मोजून लिहायच्या. मी बाकी कुठल्या मशीनकडं बघायचं सोडलं होतं, मला ते आकडे कळतही नव्हते. मी त्या पिशवीकडं बघत बसायची. त्यात थेंब पडत होता. मग हृदय थांबलं, सगळ्या मशीनी ओरडायला लागल्या, आणि पिशवीतला तो शेवटचा थेंब पडला तो मी बघितला. शरीरानं तुमची किडनी बाहेर काढली नाही, आक्का. मोकळं सोडलं होतं तरी काढली नाही.

हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता ऐका. मंगळवारी मी पहिल्या एसटीनं येते. ऋषभनं तिथल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मीच त्याला इथनं फोन लावायला लावला. तुम्ही येणार. नको म्हणायचं नाही. कडी घातलीत तर मीही पायरीवर बसेन, आणि मी त्यांच्यापेक्षा हट्टी आहे हे सगळ्या पै-पाहुण्यांत तुम्हीच सांगितलंय. दोन होत्या तुम्हाला. एक त्यांच्याबरोबर पंचगंगेवर गेली. राहिलेली मी अशी मागच्या खोलीत उपाशी मरू देणार नाही.

मास्क लावून येते. तुम्हालाही आणते. तुम्ही चिडणार, मला माहीत आहे. चिडा. पण तुमचं वय झालंय, खोकला छातीत आहे आणि आदिती पुण्याला, माझ्यापाशी आता दुसरं कोणी नाही. आधी मास्क लावायचा, आक्का, मग गळ्यात पडायचं. रडायचं ते मास्क लावूनच रडू.

तुमची,
माला